बदकाला सोलं

बदकाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे लालबागमध्ये मला कुणी कधी विचारलं नाही. तिथं लोक एवढंच विचारायचे, की परब, एखादी बाटली मिळेल काय. फोर्टातल्या ज्या हॉटेलात मी सव्वीस वर्षं वाइन बटलर होतो तिथं उलटा प्रकार. बाटली मिळणार हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं, कुठली ते मी सांगायचं. या अंकाचे संपादक घरी आले, धंद्यातल्या गमती लिहा म्हणाले, आणि उठता उठता डोळे मिचकावून म्हणाले की तुमचं बरं आहे, चाखत चाखत पेन्शनीत गेलात. त्यांचा दोष नाही, सगळ्यांनाच तसं वाटतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, मागाहून फसवल्याचा बोल नको. मी वाइनचा एक थेंबही कधी चाखलेला नाही. बदकही नाही, पण त्याचं कारण साधं आहे. आमच्या हॉटेलात बदक कधी उरलंच नाही.

वाइन न चाखण्याचं कारण म्हणजे माझी आई. माझा बाप माडीपायी गेला. माडावरून पडून नव्हे, खाली बसून. मी मुंबईला निघालो त्या सकाळी आईनं मला ग्रामदेवीच्या देवळात नेलं, गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं, नारळावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, "थेंब तोंडात घेतलंस, तर माझा मेलेला तोंड बघशीत." कोकणातला माणूस एक वेळ कोर्टात खोटं बोलेल, देवीपुढच्या नारळाशी बोलणार नाही. मी बरं म्हटलं. मला वाटलं, गिरणीत जाणार, तिथं कुठली दारू?

पण गिरणीत जागा मिळेना. गाववाल्यांच्या खोलीत माझ्या शेजारच्या वळकटीवर बाबी सावंत झोपायचा. तो फोर्टातल्या साहेबी हॉटेलात बशा धुवायचा. म्हणाला, चल, दोन वेळचं जेवण तरी सुटेल. मी त्याच्या शेजारी नळाखाली उभा राहिलो, बशांवरून ग्लासांवर आलो, आणि एक दिवस मिंगेलबाबनं माझ्या हातातला ग्लासांचा ट्रे बघून मला मागून घेतलं. माझा हात कापत नाही एवढंच त्यानं पाहिलं होतं. त्याचा स्वतःचा कापायला लागला होता.

मिंगेल हा गोव्याचा म्हातारा, हॉटेलचा वाइन बटलर. पांढरे हातमोजे, आणि तळघराची चावी गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. त्याची कोंकणी आणि माझी मालवणी यांचं इतकं जमायचं, की पॅन्ट्रीतले बाकीचे लोक आम्ही त्यांच्याविषयी बोलतोय असं समजायचे. बरेचदा ते खरंही असायचं.

आता तरुण वाचकांना त्या काळातली एक गंमत सांगायला हवी. मुंबईत तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे मी ज्या कामात वाकबगार होत होतो, ते काम सरकारच्या मते जवळजवळ अस्तित्वातच नव्हतं. परदेशी माणसाला परमिट मिळायचं, कारण तो परदेशी. आपल्या माणसालाही मिळायचं, पण त्याला डॉक्टरचा दाखला लागायचा, की या गृहस्थाला दारूवाचून निभत नाही, बंद केली तर प्रकृतीला धोका. त्यामुळे गिरगावातली, दादरची चांगली चांगली माणसं, महिन्यातून दोन ग्लास घेणारी, कागदोपत्री पक्की दारुडी झाली होती. आमच्या परमिट रूमबाहेर ती आपापली व्यसनाधीनता खिशातून काढून दाखवायची आणि मी अदबीनं वाचून परत द्यायचो. आत जो सगळ्यात शुद्धीवर असायचा, म्हणजे मी, त्याच्याकडे मात्र असला कागद नव्हता. मी चाखली असती तर ते पाप तर होतंच, वर गुन्हाही होता.

मग मी शिकलो कसा? मिंगेलनं पहिला धडा दिला तो बदकावरच. बदक म्हणजे कोंबडी नव्हे. कातडीखाली बोटभर चरबी. भाजलं की ती चरबी मांसात उतरते, आणि दोन घासांत जीभ मढवल्यासारखी होते. तिसऱ्या घासाला बदकाची चव लागत नाही, नुसतं तेल लागतं. मिंगेलनं मला विचारलं, "बांगड्याक तुमी सोलां कित्याक घालतात?" मी म्हटलं, तेलकट असतो, कोकमाचं आंबट नको का त्याला? तो म्हणाला, "तेंच, पुता. आनीक कांय ना."

खरंच आणखी काही नव्हतं. पुढे साहेब लोकांनी माझ्यापाशी या विषयावर तासन्‌तास व्याख्यानं दिली. मी मान हलवत असे आणि मनात सोलं घालत असे. चरबी कापायला आंबट हवं. बदक फार मसालेदार, फार काळपट भाजलेलं असेल तर थोडं तुरटही चालतं, जांभळासारखं. रश्शात संत्रं किंवा चेरी असेल तर मात्र जपायचं, कारण गोड खाल्ल्यावर तुरट कडू लागतं. चहा गोड बिस्किटानंतर कसा लागतो ते आठवा. लाल की पांढरी हा वाद मिंगेलच्या मते रिकामटेकड्यांचा होता. सोलकढी गुलाबी असते म्हणून कुणी बांगड्याला नाही म्हणतं काय?

वासाचं मात्र जड गेलं. आमच्यात देवाच्या नैवेद्याचा वासही आधी घ्यायचा नाही, वास घेतला की ते उष्टं. मिंगेल ग्लास नाकाशी धरायला सांगायचा, आणि मी वास घेतलेला ग्लास गुपचूप मोरीत ओतून गिऱ्हाइकासाठी दुसरा भरायचो. आठवड्याभरात बाटल्या लवकर का संपतात याचा शोध लागला आणि मिंगेलनं मला पोर्तुगीजमधून शिव्या दिल्या. त्याहून मोठी चूक पुढं झाली. जुन्या वाइनच्या तळाशी गाळ बसतो. ती हलकेच फडक्यातून सुरईत उतरवायची, आणि गाळ दिसला की थांबायचं. मी फडकं धरलं, बाटली उतरवली, आणि शेवटी फडक्यात राहिलं ते पिळलं. कोकमाचं आगळ गाळताना, नारळाचा रस काढताना फडकं न पिळता टाकणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. तीस वर्षं तळाशी शांत बसलेला गाळ मी दोन मुठींत पुन्हा वाइनमध्ये घातला आणि वर मिंगेलला कौतुकानं दाखवला, की बघ, एक थेंब वाया घालवला नाही. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

पण एक युक्ती माझी स्वतःची. ती मला मिंगेलनं शिकवली नाही. दर शनिवारी दुपारी एक जर्मन इंजिनीअर यायचा, परळच्या एका गिरणीत यंत्रं बसवायला आलेला. तो सफरचंद घातलेलं भाजकं बदक मागवायचा आणि वाइन माझ्यावर सोपवायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायचो. काही कळायचं नाही, तो प्रत्येक घोटाला 'गूट', म्हणजे छान, म्हणायचा. एक दिवस मी तोंड सोडलं आणि हात बघायला लागलो. घोट घेऊन ग्लास खाली ठेवला, की हात कुठं जातो? वाइन जुळलेली असली की हात आपसूक काट्याकडे जातो, माणूस बोलत असला तरी. जुळली नाही की हात पावाकडे जातो, नाहीतर पाण्याकडे. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही. वर्षभरात त्या जर्मनाच्या हातानं मला शिकवलं, की या बदकाला ऱ्हाइन नदीकाठची आंबूस पांढरी लालपेक्षा चांगली. जर्मनाला ते शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तो आपला गूट.

याच सुमाराला आई मुंबईला आली. मला चाळीत स्वतंत्र खोली मिळाली होती, माझं लग्न जमवायचं म्हणून ती आली आणि राहिली. बाबी आता भिंतीपलीकडे राहत होता. भिंत म्हणजे फळ्या. त्याला आमच्याकडची फोडणी कळायची, आम्हाला त्याचं घोरणं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. चाळीच्या गॅलरीत भाषणं, नाक्यावर सभा, भिंती चुन्यानं रंगवलेल्या. बाबी नळावर बशा धुताना घोषणा द्यायचा, आणि बशा फुटायच्या. मुंबई आमची म्हणून आम्ही रस्त्यावर घसा फोडायचो आणि हॉटेलात गेलो की कळायचं, आमची ती नळापासून पॅन्ट्रीच्या दारापर्यंतच. दारापलीकडे पांढरे हातमोजे लागायचे आणि ते मराठी हातात कधी आले नव्हते. चाळीला माझं काय करावं ते समजत नसे. मी साहेबाच्या टेबलाशी उभा राहतो याचा अभिमानही होता आणि दारूची बाटली हातात धरतो याची लाजही. दोन्ही एकाच जिन्यावर ऐकू यायचं.

आई रोज संध्याकाळी माझा सदरा खुंटीवरून काढायची आणि नाकाशी न्यायची. वाइन ओतणाऱ्याच्या बाहीला वास येणारच. एकदा तिनं विचारलं, घेतोस काय रे. मी म्हटलं, नाही गे. तिनं मान हलवली. माझ्या लेखी विषय संपला. फक्त माझे सदरे ती गॅलरीच्या टोकाला वेगळ्या बालदीत धुवायची, तिच्या लुगड्याला आणि देवाच्या वस्त्राला लागू द्यायची नाही. मला वाटलं, डाग जात नसतील.

मग मिंगेल जायला निघाला. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तिकडची वाट त्या वेळी बंद झाल्यासारखीच होती, परत येता येईल याचा भरवसा नव्हता. तो म्हणाला, मला परत यायचंच नाही, मला आईच्या शेजारी पुरून घ्यायचं आहे. त्यानं चावी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि माझं नाव सांगितलं.

मॅनेजर होता मोझर साहेब, स्विस, केस न्‌ केस जागच्या जागी. त्यानं मला बोलावून सरळ सांगितलं. मराठी माणसाला ही जागा देण्याची त्याच्या वरच्यांची इच्छा नव्हती. आज मोर्चा, उद्या हरताळ, तुम्ही लोक कामावर येता तेच उपकार, असा त्यांचा सूर होता. कलकत्त्याहून एक माणूस येऊ शकत होता. तरी रविवारच्या दुपारी एक जेवण आहे, ते तू सांभाळ, मग बघू, असं तो म्हणाला. मी दाराशी पोचलो तेव्हा त्यानं आणखी एक वाक्य टाकलं. "आणि पराब, जो माणूस चाखत नाही, त्याच्या हातात मी माझं तळघर देणार नाही. कायद्याचं मी बघत नाही. जिभेचं बघतो."

रविवारपर्यंत मला झोप लागली नाही. जागा हवी होती. का हवी होती हे सांगायला लाज कसली? सात वर्षं मी त्या बाटल्या आडव्या केल्या, उभ्या केल्या, फडक्यानं पुसल्या. तळघरात डोळे मिटून हात घातला असता तरी बाटली कुठली ते सांगितलं असतं. कलकत्त्याचा कोण तो येणार आणि मी त्याचे ग्लास पुसणार? आणि आईचा नारळही मोडायचा नव्हता. दोन्ही गोष्टी एका घशात कशा बसवायच्या ते समजेना.

रविवारचे यजमान गिरगावातले गुप्ते सॉलिसिटर. आदल्या संध्याकाळीच त्यांनी ठाकूरद्वारला सभा गाजवली होती, आवाज बसला होता. बरोबर त्यांच्या बाई आणि एक फ्रेंच पाहुणा, कुठल्याशा आगबोट कंपनीचा माणूस, ज्याच्याकडून गुप्त्यांना मोठं काम मिळायचं होतं. गुप्त्यांनी डॉक्टरचा दाखला आणला होता, पाहुण्याकडे पासपोर्ट होता, बाईंनी लिंबाचं सरबत मागवलं. जेवणात संत्र्याच्या रसातलं बदक.

मी बर्गंडी काढली होती, फ्रान्सची लाल वाइन. आंबूस, मऊ, तुरटपणा बेताचा, संत्र्याशी भांडणार नाही अशी. लाल वाइन खोलीच्या उष्णतेला द्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ती खोली तिकडची. आमच्या खोलीच्या उष्णतेला वाइन काढ्यासारखी लागेल. म्हणून मी बाटली सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीच्या वाऱ्याला ठेवली होती, माठासारखी. बूच काढलं, नाकाशी नेलं. किंचित शंका आली. किंचितच.

अशा शंकेसाठीच तर या धंद्यात एक रीत आहे. पहिला घोटभर यजमानाच्या ग्लासात ओतायचा. त्यानं चाखून मान डोलावली की मग पाहुण्याला. मी गुप्त्यांच्या ग्लासात ओतायला वाकलो आणि त्यांनी ग्लासावर तळहात ठेवला.

"अरे, पाहुण्याच्या आधी मी?" ते मराठीत, बसलेल्या आवाजात म्हणाले. "हे असलं आमच्याकडे चालत नाही. आधी त्यांना वाढ."

आता यांना सांगायचं काय? माझ्या घरीही हेच. पाहुण्याच्या आधी यजमानानं पानाला हात लावला तर आजोबांनी पान उचलून फेकलं असतं. साहेबासमोर वाद घालणार कोण? मी पाहुण्याचा ग्लास भरला. फ्रेंच माणसानं चाखली, क्षणभर थांबला, आणि हसून 'उत्तम' म्हणाला. यजमानानं एवढा मान दिल्यावर तो बिचारा दुसरं काय म्हणणार? पाहुण्यानं उत्तम म्हटल्यावर गुप्तेही प्यायले आणि उत्तम म्हणाले. मोझर साहेब दाराशी उभा होता, त्यानंही ऐकलं.

मी हात बघत होतो. पाहुण्याचा हात पाण्याकडे गेला. गुप्त्यांचा पावाकडे. पुन्हा घोट, पुन्हा पाणी. त्या टेबलावर एकच हात घोट घेऊन आपसूक बदकाकडे जात होता, तो गुप्तेबाईंचा. त्यांना लिंबाचं सरबत बदकाला फार छान जुळलं होतं.

पाहुण्याचा ग्लास भरायच्या निमित्तानं मी पुढे झालो आणि तो नाकाजवळून नेला. उघड्यावर राहिल्यानं वास आता मोकळा झाला होता. कुबट. श्रावणात वाळत घातलेल्या गोणपाटाचा. वाइन बुचाला लागली होती. कधी कधी बूचच नासकं निघतं आणि आतला सगळा माल कुबट करतं. त्याला बनवणाराही जबाबदार नसतो आणि ओतणाराही. पण ती पाहुण्याला पाजणारा असतो.

गप्प राहिलो असतो तर काही बिघडत नव्हतं. सगळ्यांनी उत्तम म्हटलं होतं. बोललो, तर यजमानाची पाहुण्यासमोर शोभा. मी बाटली उचलली आणि इंग्रजीत म्हणालो की साहेब, माफ करा, माझ्याकडून चूक झाली, ही बाटली दुसऱ्या टेबलाची. मग गुप्त्यांच्या कानाशी वाकून मराठीत सांगितलं, की पहिला घोट यजमानाचा असतो तो मान म्हणून नाही, वाईट असेल तर आपल्या तोंडात आधी जावी, पाहुण्याच्या नको, म्हणून.

गुप्त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. "हे आधी सांगायचंस ना," ते म्हणाले.

मी पॅन्ट्रीत दुसरी बाटली उघडत होतो तोच मोझर साहेब आत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. नळाखाली बाबी बशा धूत होता आणि त्याचे कान आमच्याकडे होते. साहेबानं विचारलं, बाटली का उचललीस. मी म्हटलं, बिघडली आहे. तो म्हणाला, पाहुण्याला आवडली. मी म्हटलं, पाहुणा सभ्य आहे.

मग त्यानं विचारलं, "तू चाखलीस?"

आता काय सांगू? हात बघितले म्हणू? गोणपाटाचा वास आला म्हणू? माझ्या आईनं नारळावर हात ठेवायला लावला होता, हे त्या स्वित्झर्लंडच्या माणसाला कुठल्या भाषेत समजावू? परमिट नसलेल्या माणसानं 'चाखली' म्हणणं म्हणजे सरळ गुन्ह्याची कबुली. पण 'नाही' म्हणणं म्हणजे कलकत्त्याचा माणूस.

"येस सर," मी म्हणालो. "चाखली."

त्यानं त्या बाटलीतली घोटभर ग्लासात घेतली, तोंडात फिरवली आणि बाबीच्या बशांवर थुंकली. मग माझा हात हातात घेतला. अशा रीतीनं, न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन मला बढती मिळाली. बाहेर दुसऱ्या बाटलीचा पहिला घोट गुप्त्यांनी मोठ्या गांभीर्यानं, जणू पाहुण्यावरचं संकट आपल्यावर घेत, घेतला. मग पाहुणा प्यायला, आणि त्याचा हात बदकाकडे गेला.

मोझर साहेब त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटला की पराबची जीभ मुंबईत एक नंबर आहे. दिवेलागणीपर्यंत बाबीनं ते चाळीत आणलं. आपला सद्या परब साहेबाच्या समोर वाइन प्यायला, म्हणाला, आणि साहेबाची चूक काढली. चाळीनं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मराठी माणूस वाइन बटलर झाला, यात नाक्यावरच्या लोकांना आंदोलनाचाच एक विजय दिसला. दारूची लाज त्या दिवसापुरती सगळे विसरले.

आई चुलीपाशी होती. तिनंही सगळं ऐकलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की गे, खोटं आहे ते, थेंब घेतला नाही. पण फळ्यांपलीकडे बाबी होता. त्याच्या कानी गेलं की सकाळी नळावर, आणि नळावरून मोझर साहेबाकडे. म्हटलं, सांगू सावकाश. आणि खरं सांगतो, 'एक नंबर जीभ' हे ऐकायला गोडही वाटत होतं. मग चावी गळ्यात आली, लग्न ठरलं, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. तिनंही पुन्हा कधी विचारलं नाही. मी समजलो, तिचा माझ्यावर विश्वास आहे.

त्या मे महिन्यात ती आगबोटीनं एकटीच गावी गेली. काम काय ते सांगितलं नाही. आठ दिवसांनी परत आली ती हसतखेळत. पदराच्या गाठीला देवीच्या नारळाचा तुकडा होता. तो मी खाईपर्यंत ती माझ्यासमोर उभी राहिली. नारळ खवट झाला होता, मी तोंड वाकडं केलं तरी तिनं सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझे सदरे ती सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुवायला लागली. मला वाटलं, दोन बालद्या करायचा कंटाळा आला असेल.

पुढची वर्षं सांगत नाही. त्यांत बदकं बरीच झाली, बर्गंड्याही. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, बाबीनं नळावर पेढे वाटले. पुढे परमिटाच्या अटी सैल झाल्या, आणि दाखल्यावरचे दारुडे रातोरात बरे झाले. मी मात्र होतो तसाच. हॉटेलात मला कुणी ग्लास पुढे केला की मी म्हणायचो, ड्यूटीवर नाही घेत. ड्यूटी संपली की म्हणायचो, घरी आई आहे. लोकांना वाटायचं, हा घरी जाऊन घेत असेल.

आई गावी गेली आणि तिथेच वारली, पिकलं पान. तिच्या बाराव्याला मी घराच्या पायरीवर बसलो होतो. गुरव आता पार म्हातारा झाला होता, तो शेजारी येऊन बसला. बोलता बोलता मी म्हणालो, निदान तिला दिलेला शब्द तरी मी मोडला नाही. त्याला वाटलं, मी दुःखात भ्रमलोय. तो समजूत घालायला लागला.

"तू मनाक लावून घेव नको," तो म्हणाला. "तुझ्या आवशीन ती शपथ कधीच सोडवून घेतल्यान हा. एकटीच इली होती मुंबैसून. देवीक गाऱ्हाणा घालूक लावल्यान, झील पोटासाठी पिता, त्याच्यावर दोष नको. शपथ माझी, मी ती मागे घेतंय. त्याका काय होवचा ता माका होवने."

मला ती वेगळी बालदी आठवली. मग एकच बालदी आठवली, आणि तो खवट नारळ. तिच्या लेखी मी शब्द मोडला होता. मी हो की नाही, एवढंही तिनं विचारलं नाही, उगाच मला खोटं बोलायला लागू नये म्हणून. मी न केलेल्या पापाची माफी ती माझ्यासाठी मागून आली, शिक्षा स्वतःवर घेऊन आली, आणि मला त्या नारळाच्या चवीचा राग आला होता. एक वाक्य बोललो असतो तर तिची ती फेरी वाचली असती. त्या फळ्यांच्या भिंतीला घाबरलो. बाबीला घाबरलो. याची मला आजही लाज वाटते, आणि ती धुवायला आता कुणी नाही.

रिटायर झालो तेव्हा हॉटेलनं मला एक बर्गंडी भेट दिली. आता मी मोकळा आहे, कायद्यानंही आणि देवीच्या दरबारातही. सौ. म्हणते, एकदाची चाखा, सगळ्यांना सांगत आलात ते खरं तरी आहे का बघा. मी दोनदा ग्लास काढून पुसून ठेवला. पण घेतली, तर आईला वाटलं होतं तेच खरं होईल. नाही घेतली, तर ती बिचारी आगबोटीतून ओकत ओकत गेली, ते फुकट गेलं. माझं काही ठरत नाही.

तेव्हा वाचकहो, बदक केलंत तर बरोबर आंबट काहीतरी ठेवा. सोलकढी असेल तर उत्तम, लिंबाचं सरबतही जुळतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. वाइनचं विचाराल, तर बर्गंडी बरी असं लोकांचे हात म्हणतात. माझी बाटली कपाटात खालच्या फळीवर आहे. आडवी ठेवली आहे. उभी ठेवली तर बूच सुकतं.